दहापैकी नऊ घरं

मंडळी, एक विचारतो — चांगल्या कामासाठी माणसाला फसवावं का हो? लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

एका गल्लीत दहा घरं, मागनं ओढा. कचरा ओढ्यातच टाकायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय! तिथं हौसाक्का राहायची. उन्हाळ्यात तिची रेडी ओढ्यातलं प्लास्टिक खाऊन मेली. आक्का ढसाढसा रडली. आणि दुसऱ्या दिवशी? — पिशवी ओढ्यातच!

मग शहरातनं मृणालताई आल्या. माणसाचं मन कसं वळतं, हा त्यांचा अभ्यास. त्यांनी फळा लावला — ‘या गल्लीतली नऊ घरं ओढ्यात कचरा टाकत नाहीत.’

आक्कानं फळा वाचला. दहावं घर म्हणजे माझंच की! शेजारीण हसली तरी वाटे, मलाच हसली. पण मग संशय आला — नऊ घरं शहाणी? आमच्या गल्लीत? अहो, शक्य आहे का!

पहाटेपासून आक्का मागच्या दारात तांदूळ निवडत बसली. चार दिवस! रंगराव आला, पिशवी भिरकावून गेला. सरपंचांची सून — पदराखाली लपवून! चार घरं सापडली. पाचवी आक्का स्वतः.

तडक गेली ताईंकडं. “ती नऊ घरं दाखव मला. न टाकणारी मला पाचच दिसली.”

ताई चाचरल्या. “आक्का, माणूस शेजाऱ्याचं बघून वागतो. म्हणून आकडा... जरा वाढवला. ओढ्यासाठीच ना!”

“आज ओढ्यासाठी. उद्या कशासाठी गं? तू हाकशील तिकडं जायला आम्ही काय मेंढरं?”

ताईंची मान खाली गेली. फळा पुसून त्यांनी लिहिलं — पाच.

सरपंच भडकले, “आता सगळेच टाकतील!”

तेव्हा आक्का गल्लीसमोर उभी राहिली. “मी टाकत होते. माझी रेडी गेली तरी टाकत होते. आता सहावं घर माझं. ठेवा नजर!”

आणि ठेवली हो लोकांनी! म्हातारी कधी चुकते, म्हणून रंगराव खिडकीत टपलेला. रोज सकाळी आक्का पिशवी घेऊन चौकातल्या घंटागाडीकडं. महिना गेला. एके दिवशी मागं वळून बघते, तर रंगराव! हातात पिशवी. म्हणाला, “बघू नकोस आता. चल पुढं.”

दिवाळीपर्यंत फळ्यावर आठ आलं. नऊ नाही, मंडळी, आठच! पण खरे आठ.

आता तुम्ही. प्रसाद खाऊन झाला, की हातातला द्रोण कुठं टाकणार? शेजाऱ्याकडं काय बघता? तो तुमच्याकडंच बघतोय!