तानाबाईंनंतरची हाक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले सरपंच माननीय बापूराव, हिंगणघाटहून आवर्जून आलेले पाहुणे मधुकरराव, सत्कारमूर्ती आदरणीय तानाबाई आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो,

मी मोहिनी. अंगणवाडीत शिकवते. मोठ्या माणसांपुढे बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपल्या गावात सोळावं लागलं की त्याच दिवशी सकाळी लेकराची सावली अंगापासून सुटते आणि टेकडीकडे चालू लागते. ती जंगलात शिरायच्या आत हाक मारून तिला वळवावं लागतं. वळली, की लेकरू मोठं झालं. घरी पुरणाचा स्वयंपाक. आणि नाही वळली तर? अध्यक्षांच्या शेजारी बसल्या आहेत त्या जिजाताई, त्यांची थोरली बहीण. बापूराव सत्तरीला आले. जिजाताई अजून सोळाच्याच आहेत.

जिजाताई तानाबाईंची बालमैत्रीण. मैत्रिणीची सावली गेली आणि तानाबाईंनी हे काम स्वतःहून मागून घेतलं. पंचावन्न वर्षांत एकही सावली त्यांनी जाऊ दिली नाही. केवढं हे ऋण!

गेल्या फाल्गुनात माझ्या काजलचा दिवस होता. तानाबाईंनी तीन हाका मारल्या. सावली थांबलीसुद्धा नाही. चौथ्या हाकेला त्यांचा आवाज फाटला, नुसती हवा निघाली. काजल मला बिलगून म्हणाली, "आई, पाय थंड पडून राह्यले वं माहे."

सावली पहिल्या सागापाशी पोचली होती. तानाबाईंनी माझा दंड धरला आणि कुजबुजल्या, "आता तू मार."

"मले नाई येत, मावशी!"

"रोज कशी बोलावतं तिले? तशीच बोलाव."

शेवटी रागानेच ओरडले, "काजल! तिकडे काऊन चालली? घरी ये!"

सावली थबकली. वळली. पण येईना, नुसती आमच्याकडे बघत राहिली. तिला चेहरा नव्हता, तरी बघत होती. मी हाका मारतच राहिले. किती मारल्या, ठाऊक नाही. ती काजलच्या पायांना येऊन लागली, तेव्हा मी शेताच्या धुऱ्यावरच, बांधावरच बसले.

तानाबाईंचा आवाज मात्र परत आला नाही. त्यांचं काम ग्रामसभेने माझ्यावर सोपवलं. उद्या सकाळी या कामातली माझी पहिली हाक. सावली कुणाची? त्यांच्याच नातीची, सोनमची.

मी त्यांना विचारलं, "मावशी, सोनम माह्या पोटची नाई. तिची सावली मले ओळखंल काय?"

त्या कुजबुजत म्हणाल्या, "मले नाई माहीत, बाई. तिले तुह्या घरी घेऊन जा."

गेले एकवीस दिवस सोनम माझ्याकडे राहते. मी तिला चहाला बोलावते, वेणी घालायला बोलावते, दोनदा रागावलेसुद्धा. काल संध्याकाळी तीन हाका मारल्या, तिने ओ दिली नाही. कानात इअरफोन होते म्हणते. असतीलही.

तानाबाई, तुम्ही आमची लेकरं आम्हाला परत दिलीत. गावाच्या वतीने ही साडी आणि श्रीफळ स्वीकारा. पाहुण्यांचे आणि मंडप घालणाऱ्या पोरांचे आभार.

आज बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. उद्याची चूक पोटात घालता येणार नाही. म्हणून विनंती करते, उजाडायच्या आत सगळे टेकडीखाली येजा. माझा आवाज अडला, तर कुणीतरी तिला हाक मारा.