दादाचा निरोप

…हलू नका वहिनी, टाचणी टोचेल. हात जरा वर. कुर्ता आत घ्यायला आला नाहीत तुम्ही, ते मला दारातच कळलं — परवाच तर मापात शिवून दिलाय — दादाने पाठवलंय ना? काय म्हणाला, 'छकुलीला समजाव, मूल ठेवू नको म्हणावं'? असंच ना? घ्या. एक किडनी त्याला दिली, आता उरलेल्या एकीवर दोन जीव कसे निभावणार, ही त्याला काळजी. काळजी खरी आहे हो, नाही कुठे म्हणतेय मी? डॉक्टरीणबाई म्हणतात, बऱ्याच जणींचं नीट होतं, फक्त रक्तदाब चढू शकतो, तपासत राहा. बस्स.

वळा. तिकडे नाही, इकडे. — चिडले नाहीये मी. हल्ली मला काही वाटतच नाही, रडूसुद्धा येत नाही. ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, 'पुढे मूल हवंय का?' — विचारलं मला, उत्तर दिलं आईने. 'तिला लग्नच करायचं नाही.' आणि मी? मी पंख्याकडे बघत बसले. दादा पलीकडच्या खोलीत सुजून पडलेला, तिथे मी मूल हवं म्हणू? जनाची नाही तर मनाची तरी — जाऊ दे. दिली ते बरंच केलं. मागच्या महिन्यात त्याची पँट मीच कमरेत सैल केली, सुटलाय चांगला — टाके उसवताना बरं वाटलं होतं. आता माझेही कुर्ते सैल करतेय, त्याच मशीनवर.

पाय? हो, सुजलेत. सकाळी दाब वरच होता — दाखल व्हा म्हणाल्यात, संध्याकाळी पिशवी भरून जायचंय. यांना अजून सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नव्हते, निघून गेलं तोंडातून. आता तुम्ही कशाला रडताय? भीती वाटत नाही असं नाही, वाटायला हवी तेवढी वाटत नाही, इतकंच. पण मूल मला हवंय, वहिनी. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणतेय बघा, आणि तेही कोणी विचारलेलं नसताना.

दादाला म्हणावं, बायकोच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. बोलायचं असेल तर स्वतः दवाखान्यात ये, माझ्या पोटाकडे बघ आणि मग बोल. — झालं, टाचण्या काढल्या सगळ्या. कुर्त्याला काही झालेलं नाही, आहे तसाच घेऊन जा. जा आता.