कपाटातलं ऑफिस

…नाही, पण मी म्हणतो, माझ्याच बिल्डिंगच्या जिन्यात मी चपला हातात घेऊन का चढायचं? चोर आहे का मी? पण चढतो! वहिनींसाठी चढतो. वहिनी म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या हो. एकवीस वर्षं बस स्टँडवर घोषणा करायच्या. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी…" एवढं नुसतं म्हटलं की गाडीचे प्रवासी सोडा, टपरीवर चहा पिणारेसुद्धा कप टाकून उठायचे, असा आवाज! आणि एक दिवस तिथे आलं मशीन. वहिनींना एक गुच्छ दिला, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि म्हणाले, या आता.

दुसरी कुणी असती तर बसली असती कपाळाला हात लावून. वहिनी बसल्या कॉम्प्युटर लावून! म्हणाल्या, गळा माझा आहे, घरबसल्या ऑनलाइन आवाजाची कामं घेईन. फ्रीलान्स! सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नक्की काय गं?"

"म्हणजे डोक्यावर साहेब नाही, कामाची ठरलेली वेळ नाही, सुट्टी नाही."

"अगं, मग ते तर तू लग्न झाल्यापासून करतेयस!"

वहिनींनी अशी कामं देणाऱ्या एका वेबसाइटवरचा फॉर्म भरला. अनुभव किती? एकवीस वर्षं. ऑनलाइन अनुभव? शून्य. तुमचे स्टार किती? आता स्टार आणायचे कुठून? काम केल्याशिवाय स्टार नाहीत आणि स्टार असल्याशिवाय कुणी काम देत नाही! सदतीस ठिकाणी अर्ज टाकले, तुम्हाला सांगतो, सदतीस! एकाचं उत्तर नाही. बाई दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघायची आणि बंद करायची…

आणि घरच्यांना काय वाटलं? बाई मोकळी झाली! घरीच तर असते! नवरा कचेरीतून फोन करणार, "अगं, प्लंबर येतोय, तू घरीच आहेस ना?" वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणारी शिक्षिका जिन्यातूनच ओरडणार, "माझं पार्सल घेऊन ठेवा हं, तुम्ही काय, घरीच असता!" आणि आता खोटं कशाला बोलू, मीसुद्धा माझी किल्ली त्यांच्याकडेच ठेवायला लागलो होतो. म्हटलं, घरीच तर असतात!

आठव्या आठवड्यात आलं एक उत्तर. लोकांची मनं शांत करणारं कसलंसं अ‍ॅप होतं म्हणे. दहा मिनिटं मंजुळ आवाजात बोलायचं, 'श्वास आत घ्या, श्वास सोडा', आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचं. वहिनींच्या पायाला भिंगरी लागली! पण घरात शांतता हवी ना? एका खोलीत सासूबाईंचा टीव्ही, स्वयंपाकघरात सुतार ओट्याखाली फळ्या ठोकतोय, वर त्या शिक्षिकेच्या खुर्च्या सरकतायत. मग शोधून शोधून सापडलं कपड्यांचं कपाट! रजयांवर माइक, बाजूला स्वेटर, मध्ये वहिनी, दार ओढलेलं. पहिल्यांदा म्हणाल्या, "श्वास आत घ्या," तर असं वाटलं की फलाट दोनवर श्वास लागलाय आणि पाच मिनिटांत सुटणार! चौदा वेळा केलं. चौदाव्यांदा जमलं. पुन्हा ऐकायचीसुद्धा ताकद उरली नाही. दिलं पाठवून.

शुक्रवारी सकाळी दहाला त्या अ‍ॅपवाल्याचा मेल. "आवाज उत्तम. मात्र सातव्या मिनिटाला एक वृद्ध बाई विचारतात, 'अगं, माझा चष्मा कुठाय?' आणि लगेच दुसरी बाई ओरडते, 'फ्रीजवर बघा!' ही दुसरी बाई कोण?"

अहो, कोण म्हणजे? त्याच! मन रिकामं करायला सांगता सांगता, सवयीनं, कपाटातूनच कधी ओरडल्या त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं! खाली लिहिलं होतं, बारापर्यंत नवीन पाठवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो.

वहिनी कपाटात जाऊन बसल्या आणि रडल्या. हो, रडल्या! स्टँडवरचा शेवटचा दिवस कोरड्या डोळ्यांनी काढलेली बाई. त्या दिवशी नवरा नेमका रजेवर. त्यानं कपाटाचं दार उघडलं आणि समजूत घातली, तीसुद्धा कशी? "एवढं काय मनाला लावून घेतेस? कुणी काढून थोडंच टाकणार आहे? घरीच तर आहेस!"

झालं! वहिनी बाहेर आल्या. डोळे पुसले. दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि… तो आवाज! "सर्वांनी कृपया लक्ष द्यावे! सासूबाई, यजमान, सुतार आणि समोरचे शेजारी यांनी दहा मिनिटांत घर रिकामे करावे! वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खुर्चीवरून उठू नये! पुन्हा ऐका…"

पुन्हा ऐकायला थांबतोय कोण! सुतारानं हातोडी तशीच टाकली. सासूबाई चष्म्याशिवाय निघाल्या. मी तर माझ्या घरात होतो, माझा काही संबंध नव्हता, तरी जिन्यात येऊन बसलो! दीड तास, तुम्हाला सांगतो, दीड तास आम्ही पायऱ्यांवर ओळीनं. बंद दाराआडून अगदी हलके ऐकू यायचं, "श्वास सोडा…" सुतार सोडायचा. आम्हीही सोडायचो. नवरा पहिल्यांदाच मान खाली घालून ऐकत होता. सासूबाई तर कठड्याला टेकून गाढ झोपल्या, त्या कित्येक महिन्यांत अशा झोपल्या नव्हत्या.

बाराला पाच कमी असताना फाइल गेली. संध्याकाळी पाच स्टार आले. पाचच्या पाच! आणि मग कामांची रांगच लागली हो. आता रोज दहा ते एक जिन्यात कडक शांतता. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसतात, हातात वही, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या सुनेचं ऑफिस आहे हे."

काल नवरा अर्ध्या दिवसातच परतला, ताप अंगात, थेट दाराला हात घालायला गेला. सासूबाईंनी वही उघडली.

"आई, अगं, मी आहे. मला आत जायचंय, घर आहे माझं!"

"ते असू दे," म्हणाल्या. "अपॉइंटमेंट आहे का तुझी?"

नव्हती हो. माझी किल्ली आतच अडकलेली, म्हणून मी आधीच पायरीवर; सरकलो मी थोडा, बसला बिचारा माझ्या शेजारी.