तारेने बांधलेला ब्रेक

दुरुस्तीच्या दुकानात कुऱ्हाडीला धार लावायला आलेली बाई रांगेत दुसरी होती. पुढच्या माणसाची लाकूड कापायची चेनसॉ मिस्त्रीने उलटीपालटी करून पाहिली.

"ब्रेकला तार कुणी गुंडाळली?"

"मीच. सारखा लागायचा नि साखळी थांबायची. मग सरपण कधी तोडायचं?"

"अहो, मशीन उसळलं की हाच वाचवतो! नाहीतर पातं थेट तोंडावर येतं."

"आजवर कुठे काय झालं?"

"नशीब समजा. चालवतं कोण?"

"धाकटा भाऊ. आताही तोडतोय, दुसऱ्या मशीनवर."

"त्याचा ब्रेक?"

माणसाने मशीनवरच्या तारेकडे पाहिलं.

"त्याचा ब्रेक कसाय?"

"दोन्ही एकाच दिवशी बांधले."

"फोन लावा!"

"मशीन चालू असलं की त्याला ऐकू येत नाही."

"लावा तर खरं!" बाई मागून ओरडली.

माणसाने फोन लावला. पहिल्याच रिंगला भावाच्या बायकोचा रडवेला आवाज बाईपर्यंत आला.

"भावोजी, तुम्हाला कुणी कळवलं?"