हळदीवाचून लावलेलं झाड

मी इथलाच, कुंभकोणमचा. आमचे पूर्वज तंजावरास राजाच्या चाकरीत आले, पुढं इथं आले, आणि मी टाऊन बसवर कंडक्टर झालो. दिवसभर दारासुरम्, चोळपुरम् ओरडायचं, सगळं तमिळात, आणि घरी चप्पल काढली की मराठी. ती कोणाशी, तर बायकोशी. लेक चेन्नैस असते, तीस समजतं सगळं, पण उत्तर तमिळात देते. तुम्ही महाराष्ट्रातून आलात, काय सांगू तुम्हांस, आमची मराठी तुम्हांस जुनी वाटते, पण मजपाशी दुसरी कोठली आहे?

तर रोजा. रोजा म्हणजे तुमचा गुलाब. तिरुनागेश्वरम्‌च्या देवळातून येताना बायकोनं कुंडीतलं झाड आणलं, मूत्रपिंडाचा आजार होता तीस, म्हणाली बरी झाल्ये की अंगणात लावू, आता राहू दे. बरी कोठली होते. ती गेली नि कुंडी तशीच राहिली, मी पाणी घालत होतो, पण झाड वाळत चाललं, मज धडकी भरली, हेही जातं की काय.

नर्सरीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला मुळं कुंडीत गरगर फिरून अडकलीत, जमिनीत लावा, आणि ही पूड मुळांस लावा. कसली पूड, तर बुरशीची. मी रागावलोच, इडलीच्या पिठास बुरशी आली तर आम्ही टाकतो, आणि तू ती झाडास घाला म्हणतोस? तो म्हणाला अय्या, म्हणजे आपलं साहेब, ही चांगली बुरशी, मुळास चिकटून राहते, मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणून देते. पण मुळासच लागली पाहिजे, वरून मातीवर टाकून उपयोग नाही. आणि बुरशी मारायचं औषध घालू नका, हळदही नको.

हळद नको म्हणाला तेच मज लागलं. कारण आमची ही कढीपत्ता लावो की तुळस, मुळास हळद लावल्यावाचून मातीत ठेवत नसे, ताप असला तरी उठून लावी. मी खड्डा खणला, कुंडी उपडी केली, मुळं हातानं सैल केली, ओली करून पूड लावली, आणि तिचा हळदीचा डबा शेजारी घेऊन बसलो होतो, तो तसाच आत नेऊन ठेवला. तेव्हा रडलो हो. ती गेली तेव्हा भोवती माणसं होती, रडणं झालंच नव्हतं.

आता तांबडे कोंब आलेत. लेकीस फोनवर सांगितलं, ती तमिळात म्हणाली, बरं झालं अप्पा. बरंच झालं, देव तिचं भलं करो. तुम्ही जाताना ते झाड बघा, आणि एकदा मोठ्यानं मराठीत म्हणा, कोंब आला गो. मी म्हणतो रोज, पण माझं मीच ऐकतो.