अप्पा खोतांनी ऐरणीवर ठेवलेला हिरा

मंडळी, एक सांगा. खरं की खोटं, हे ओळखायचं कसं? ठोकून? हां! खांबाजवळचे काका मान डोलावतायत. डोलवा! पण जपून, थोड्या वेळानं तीच मान खाली घालायची आहे!

तर ऐका. खाडीकाठी एक गाव. गावात अप्पा खोत. धाकट्या लेकाचं लग्न झालं, सून आली कावेरी. तिचे वडील हिऱ्याला पैलू पाडणारे कारागीर. त्यांनी जावयाला अंगठी दिली. मुगाच्या डाळीएवढा हिरा! पण अप्पांना शंका. एवढासा कारागीर, हिरा देईल? काचच असणार!

आणि त्याच आठवड्यात गावात कीर्तन. बुवा गरजले, "खरा हिरा घणानं फुटत नाही!" अप्पांना काय, आयतंच कोलीत मिळालं! सकाळी धोंडू लोहाराकडं हजर. मागं सगळा गाव. कावेरीलाही मुद्दाम आणलेली.

"मामंजी, नका हो! फुटेल तो!"

"बघा! चोराच्या मनात चांदणं! फुटला तर तू आजच माहेरी. धोंडू, दे टोला!"

खण्ण!

झाला की हो चुरा! अप्पा नाचायचे तेवढे राहिले. "काच! काच! गाडी जुंपा!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. का नाही येणार? बापाला खोटारडा म्हणाले! पण बाई खमकी. डोळे पुसले, ऐरणीवरची एक कपची चिमटीत धरली आणि धोंडूची विस्तव पाडायची गारगोटी पुढं ओढली. कर्रर्र! गारगोटीवर हा लांब ओरखडा. कपची मात्र जशीच्या तशी!

"काच असती तर काच झिजली असती, मामंजी. हिरा कठीण असतो, पण त्याला शीर असते. शिरेवर टोला बसला की लाकडासारखा चिरतो. माझे बाबा हिरे चिरतात, ते काय मंत्र म्हणून?"

धोंडूनं तेवढ्यात विचारलं, "अप्पा, गाडी जुंपायचीच ना? व्याह्यांकडं माफी मागायला?"

आणि गेले हो अप्पा! पण आधी काठी घेऊन त्या बुवांना शोधत आले. बुवा कुठं? देवळामागच्या केळीत लपलेले! तुम्हाला कसं ठाऊक, म्हणता? अहो, तो बुवा मीच! तीन तास डास चावले मला!

तेव्हापासून शहाणा झालो. सोन्याला आग चालते, हिऱ्याला घण चालत नाही. ज्याची त्याची परीक्षा निराळी. आणि आपण? नवी सून आली, की पहिल्याच आठवड्यात पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या! "बघू टिकते का!" रडली, की म्हणायचं, माहेरचं वळणच कच्चं! अहो, फुटलं ते खोटं नव्हतं. मारणाऱ्याला पारख नव्हती!

मी नाव घेत नाही. शेजारणीकडं बघू नका, मावशी! घरी जा, हातातला घण खाली ठेवा आणि मग देवाचं नाव घ्या. घण धरलेल्या हातांनी टाळी वाजत नाही!