चांगल्या गुडघ्याची मालीश

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला, आमचं घर तालमीला लागून, म्हंजे घराची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच म्हणा की, आणि माझा बाप तालमीत पैलवानास्नी मालीश करायचा, त्याच्याकडनं ते माझ्याकडं आलं, शाळेकडनं काय आलं न्हाई. काय सांगू ताई तुमास्नी, आमच्या तालमीचा नियम असा, की मालीश करायची ती उजव्या पायापासनं, आधी उजवा, मंग डावा, मंग पाठ, आणि डोकं सगळ्यात शेवटी. बापानं मला एकदा डाव्यापासनं सुरू करताना बघितलं आणि हातातली तेलाची वाटी काढून घेतली, लई दिवस मला पैलवानाला हात लावू दिला न्हाई. ते जे हातात बसलं ते बसलं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

आमच्याकडं तालमीला कुस्ती तसा फुटबॉल. पेठेपेठेचे संघ, आणि हरला तर त्या पेठेतल्या माणसानं दुसऱ्या पेठेतनं जाताना मान खाली घालून जायचं. पैलवान कमी झाले, फुटबॉलवाले वाढले, मी पाय चोळत राहिलो. मंग माझा मेहुणा इथं तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावच्या कारखान्यात लागला, त्याच्या ओळखीनं एका क्लबात मालीशवाला पाहिजे असं कळलं, आणि बायकोला घेऊन आलो. आलो तवा तमिळ एक अक्षर येत नव्हतं, एण्णै म्हंजे तेल हा पहिला शब्द. आता बोलतो की. पर तुमच्या अप्पांचं तंजावरी मराठी ऐकलं की वाटतं जुन्या बखरीतनं कोण उठून आलंय, आणि त्यास्नी माझं ऐकून हसू येतं, मी गुडघा चोळत असतो आणि हे हसत असतात.

आमचं मैदान शोळिंगनल्लूरच्या पुढं. आजूबाजूला कंप्युटरच्या कंपन्या, संध्याकाळी तिथली पोरं गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा न काढता तशीच जाळीला येऊन उभी राहतात सराव बघत. त्यांच्यात मणि सार, सरला इथं सार म्हणतात. म्हातारा माणूस, बसचा रिटायर कंडक्टर, रोज येणार, आणि जाळीबाहेरनं कोचला शिकवणार, तंबी, म्हंजे धाकट्या भावा, त्याला पुढं खेळव, याला मागं घे. कोच ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

आणि अरुळ आमचा गोलकीपर. कोवलम म्हणून इथं समुद्रकाठचं गाव हाय तिथला, कोळ्याचा पोरगा, बाप होडीवर, आई मासळी विकते. वाळूत उड्या मारून वाढलेला, त्यामुळं पडायची भीती कसली ती न्हाई. मला अण्णा म्हणायचा, आणि त्याची आई त्याच्या डब्याबरोबर माझ्यासाठी वेगळी सुकी मासळी बांधून द्यायची, माझ्या बायकोला वास सोसत न्हाई तर मी ती मैदानावरच खाऊन टाकायचो. लोकं त्याच्यावर जीव टाकायची. एक बॉल अडवला की जाळीमागनं अरुळ, अरुळ, अरुळ.

गेल्या हंगामात तो बिघडत गेला. एकदम न्हाई बगा. आधी जेवण गेलं, मंग बोलणं गेलं. हातमोजे घालायचा, काढायचा, परत घालायचा, विचारलं तर म्हणायचा काय न्हाई अण्णा. आणि एका मॅचला साधा बॉल आला, लहान पोरगं अडवंल असा, हा उभाच राहिला, बॉल शेजारनं आत गेला तरी ह्यानं मान वळवली न्हाई. लोकांनी आईबाप काढले. आत आल्यावर कोचला म्हणाला, सार, बॉल दिसत व्हता, पर हात उचलावा असं वाटलं न्हाई, सकाळी दात घासायला बी वाटत न्हाई.

कोच बरा माणूस. त्यानं त्याला शहरात एग्मोरला डॉक्टरकडं नेलं, बरोबर मी गेलो. त्या इमारतीत खाली हाडाचा डॉक्टर आणि वर हा मनाचा. त्यानं सांगितलं हा आजार हाय, औषधं घ्यायची, काही महिने मॅच खेळायची न्हाई, पर मैदानापासनं तोडू नका, रोज येऊ दे, बसू दे, मैदान सुटलं तर हा घरात कोपरा धरंल आणि मंग अवघड होईल. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

मला विचाराल तर मला बी आधी हे फॅडच वाटलं. आमच्या वस्तादापुढं कोण असं म्हणालं असतं तर त्यानं जोर काढायला लावले असते, वर लोटाभर दूध, झाला इलाज. तालमीत एक पैलवान असाच गप्प होत होत गेला व्हता, एक दिवस यायचाच बंद झाला, आमी म्हणालो घाबरला. कुठं गेला ते कुणी बघायला गेलं न्हाई. लोकं अशीच असतात, मी काय वेगळा न्हाई.

तर क्लबाचा मॅनेजर म्हणाला, हे बाहेर सांगायचं न्हाई, लोकास्नी मन बिन कळत न्हाई, गुडघा कळतो, डावा गुडघा दुखावलाय असं सांगू. सांगितलं. आणि नुसतं सांगून भागत न्हाई, दिसायला पाहिजे, म्हणून मला हुकूम, की रोज सरावाच्या वेळी जाळीजवळच्या बाकावर त्याला आडवा करायचा आणि डाव्या गुडघ्याला मालीश करायची, लोकं बघतील अशी. गुडघा एकदम ठणठणीत बरं का ताई. असा गुडघा मी कुस्तीत बी कमी बघितलाय. माझ्या जन्मात मी दुखरे पाय चोळले, हा पहिला, ज्याला काय झालेलंच न्हाई आणि रोज तेल.

आणि त्या गुडघ्याची काय बडदास्त! कंपनीतली पोरं मलम घेऊन आली. एका फुलवालीनं मंदिरातनं लिंबू आणलं, माझ्याच हातानं गुडघ्यावरनं उतरवून घेतलं. कोवलमला आईकडं शेजारच्या बायका हाडांचं सूप पाठवायच्या, गुडघ्याला चांगलं म्हणून. आणि मणि सारनी आपल्या बायकोच्या गावाहून जडीबुटीचं तेल मागवलं, काळं कुळकुळीत, वास असा की डोळ्यांतनं पाणी, त्यांची ती बाटली मला जाळीवरनं दिली आणि म्हणाले, हेच लावायचं, दुसरं न्हाई. मी लावायचो. अरुळ डोळ्यांवर हात आडवा धरून पडून राहायचा.

एक दिवस काय झालं, परदेशातल्या कुठल्या तरी खेळाडूनं मन बरं न्हाई म्हणून खेळातनं सुट्टी घेतली, ते त्या पोरांच्या फोनवर आलेलं. झालं, जाळीला चर्चा. एकजण म्हणतो एवढी गाडी, एवढा बंगला, ह्याला कसलं आलंय दुःख. दुसरा म्हणतो आमी रोज ऑफिसात मरतो, आमाला कोण देतं सुट्टी. आणि मणि सार म्हणाले, पैत्यम हाय तो, वेडा, दोन थोबाडीत दिल्या की येईल जागेवर, आमच्या अरुळकडं बघा म्हणावं, गुडघा फुटलाय तरी पोरगं रोज मैदानावर येतंय, ह्याला म्हणतात मर्द. सगळे हो हो म्हणाले. आणि माझ्या हाताखाली अरुळची मांडी लाकडासारखी कडक झाली. चेहऱ्यावर हात व्हता, चेहरा दिसला न्हाई, पर मांडी मला कळते की. मी चोळत राहिलो, ती सुटंना. त्या दिवशी मला वाटलं, हे फॅड न्हाई. लई वाईट वाटलं बगा त्या पोराचं.

मंग जोतिबाच्या यात्रेला मी गावाकडं गेलो. आलो तो थेट मैदानावर, अरुळ बाकावर पडलेला, मी बाटली उघडली आणि गावाकडनं आलेले हात ते, तालमीत जाऊन आलेले, गेले की सरळ उजव्या पायावर. आधी उजवा. मी आपला यात्रेचं सांगत त्या उजव्या गुडघ्याला काळं तेल चोळतोय, चांगलं मन लावून, आणि जाळीमागनं मणि सारनी मला हाक मारली, बापू अण्णा, डावा ना?

मी थांबलो. थांबायला नको व्हतं. डावा बी दुखतोय, उजवा बी दुखतोय, असं काय तरी ठोकून द्यायचं, पर मला बापासमोर पकडल्यासारखं झालं आणि मी घाईनं हात डाव्यावर नेला. एका पोराचं फोनवर शूटिंग चालूच व्हतं. अंधार पडायच्या आत ते सगळ्या फोनवर, बगा मालीशवाल्यालाच ठाऊक न्हाई कुठला गुडघा. आणि मंग आणखी कुणी तरी लिहिलं, की मी ह्याला एग्मोरला बघितलं, हाडाच्या डॉक्टरकडं न्हाई, वर जिन्यानं जाताना.

मंग बघायचं काम न्हाई. तेच लोक. फुकट खातो, नाटक करतो, पैत्यम. गुडघा असता तर खांद्यावर घेऊन फिरले असते, गुडघा न्हाई म्हटल्यावर माणूसच खोटा. आईच्या मासळीपुढं बायका उभ्या राहून विचारायच्या, अंगावर येतो का गं, बांधून ठेवता का? सूप बंद झालं. ती मला फोनवर म्हणाली, अण्णा, पाय मोडला असता तर बरं झालं असतं, मला सांगता तरी आलं असतं. आई ती, आणि तिच्या तोंडात हे. मॅनेजर म्हणाला त्याला सांगा आता काही दिवस मैदानावर येऊ नको, वातावरण निवळू दे, पुढचं पुढं बघू. म्हंजे पोरगं कायमचं बाहेर, ते आमास्नी कळलं. डॉक्टरनं जे नको म्हटलेलं तेच. कोचनं फोन केला आणि निरोप दिला, अरुळ नुसतं बरं सार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मणि सार जाळीशी आले आणि मला म्हणाले, माझी बाटली परत द्या. निम्मी संपलेली बाटली. मी म्हटलं सार, राहू द्या. न्हाई म्हणाले, मी गुडघ्यासाठी दिली व्हती. डोळे लाल झालेले म्हाताऱ्याचे. रागाला आलेला, पर मला वाटलं राग कमी आणि फसल्याचं जास्त. मी पिशवीतनं बाटली काढायला वाकलो, आणि वर बघतो तर गेटातनं अरुळ येतोय.

कोवलमहून बसनं आला व्हता, एकटा. जाळीला पोरं गोळा झालेली, एकानं शिट्टी मारली, एकजण ओरडला पैत्यम आला रे. हा आला, नेहमीच्या बाकावर नेहमीसारखा आडवा झाला. मी बाटली हातात धरून उभा. हळूच म्हटलं, कुठला पाय? तर तो जाळीकडं तोंड करून, सगळ्यास्नी ऐकू जाईल असं म्हणाला, पाय दोन्ही बरे हायत अण्णा, डोकं बरं न्हाई, डोक्याला लावा.

शिट्ट्या बंद. डोकं शेवटी हा आमचा नियम, त्याच्या आधी काय केलं न्हाई तर हात चालत न्हाई, पर मी बसलो त्याच्या उशाला, बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि लावणार, तेवढ्यात मणि सार ओरडले, अहो थांबा! ते डोक्याला न्हाई लावायचं, गरम तेल ते, डोळ्यांत गेलं तर आंधळा होईल पोरगा, खोबरेल लावा खोबरेल, एवढं कळत न्हाई का तुमास्नी! आणि म्हातारा तसाच वळला, रस्ता ओलांडून दुकानात गेला, आणि खोबरेलाची पुडी घेऊन आला. जाळीवरनं माझ्याकडं फेकली. मी अरुळच्या डोक्याला तेल लावलं, सगळ्यांसमोर, लई वेळ. त्याच्या डोळ्यांतनं पाणी कानाकडं वाहत व्हतं आणि मी ते तेलाबरोबर पुसत व्हतो. पोरं हळूहळू पांगली. मॅनेजर आतनं बघत व्हता, बाहेर आला न्हाई, आणि त्यानंतर येऊ नको असं बी कुणी म्हणालं न्हाई.

आता तुमी म्हणाल लोकं सुधारली. कुठलं काय. या हंगामात अरुळ राखीव गोलकीपर हाय, दोन मॅचमध्ये शेवटी शेवटी उतरवला. बॉल सुटला की अजून तो शब्द ऐकू येतो, आणि अडवला की तेच गळे अरुळ अरुळ करतात. औषधं चालू हायत, एग्मोरच्या फेऱ्या चालू हायत. आजार तेलानं जात न्हाई, तेल आपलं माझ्या समाधानाला. आई परत सुकी मासळी पाठवायला लागलीय, बायकोची कटकट परत सुरू.

मणि सारनी बाटली नेलीच शेवटी, सोडली न्हाई. पर रोज येतात. त्यास्नी त्या आजाराचं नाव तोंडातनं निघत न्हाई, म्हणून जाळीला बोटं अडकवून नुसतं विचारतात, तंबी, आज कसं? अरुळ बहुतेक वेळा म्हणतो बरं हाय सार. परवा म्हणाला, आज बरं न्हाई सार. मी बघितलं म्हातारा काय करतो. त्यानं सल्ला दिला न्हाई, कोचला शिकवलं न्हाई. सराव संपला, पोरं घरी गेली, अरुळ पिशवी भरून बसला कोवलमच्या बसला जायला, तवा म्हातारा जाळीबाहेरनं म्हणाला, चल, मी बी तिकडंच निघालोय. त्याचं घर उलट्या बाजूला हाय. माझ्या तालमीतल्या त्या पैलवानाकडं असं कोण गेलं असतं तर, असं मनात आलं. असो.

अप्पा, झोपलात काय? उजवा झाला, आता डावा द्या इकडं. अंबाबाई तुमास्नी लवकर चालतं करू दे.